पित्त कोठे तयार होते?

गेल्या पावसाळ्यात नाशिकमधील आमच्या इंदिरानगर परिसरात डेंग्यूचे रुग्ण वाढले आणि आमच्या वाचक मंडळाची मासिक बैठक पुस्तकांऐवजी प्लेटलेटवरच झाली. पपईच्या पानांचा रस घ्यावा की शेळीचे दूध, किवी किती खावीत, प्लेटलेट कधी चढवाव्या लागतात, याविषयी प्रत्येकाकडे ठाम मत होते आणि प्रत्येकाचे मत कोणत्या तरी नातेवाइकाच्या आजारपणावर उभे होते. बैठक संपताना मंडळाच्या चिटणिसांनी सुचवले की जीवशास्त्र आणि वैद्यक या विषयांवरील सामान्यज्ञानाची एक खुली परीक्षा घ्यावी: पन्नास प्रश्न, पन्नास गुण, एक तास, माध्यम मराठी आणि वयाची अट फक्त अठरा पूर्ण एवढीच. मी एकतीस वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवले असल्यामुळे प्रश्नपत्रिका काढण्याचे काम माझ्याकडे येणार हे उघड होते. दोन संध्याकाळींत काम होईल, असे मी सर्वांसमक्ष सांगून टाकले. प्रत्यक्षात अडीच महिने लागले.

पहिला मसुदा मात्र खरोखरच दोन संध्याकाळींत तयार झाला. मानवी शरीरात हाडे किती, सर्वांत लांब हाड कोणते, पेनिसिलीनचा शोध कोणी लावला, इन्शुलिन कोणत्या ग्रंथीत तयार होते, मानवी पेशीत गुणसूत्रे किती, असे प्रश्न हाताला सवयीनेच येत गेले. माझी भाची एका रुग्णालयात आंतरवासिता करत होती. तिला मी तो मसुदा वाचायला दिला. तिने दहा मिनिटांत सगळे प्रश्न सोडवले, कागद परत दिला आणि म्हणाली, "मावशी, यातले निम्मे प्रश्न मला वर्षभरात वॉर्डात एकदाही लागले नाहीत. आणि रुग्णाचे नातेवाईक रोज ज्यात गोंधळतात, त्यातले इथे काहीच नाही." मला तिचा थोडा रागही आला, कारण २०६ हाडे माहीत असण्यात गैर काय आहे, हे मला कळेना. पण रात्री तोच मसुदा पुन्हा वाचताना लक्षात आले की हे आकडे ज्याला पाठ आहेत त्याला ते पाठ आहेत, एवढेच त्यातून सिद्ध होते. गुणसूत्रांचेच पाहा. १९५६ साली त्जिओ आणि लेव्हान यांनी मानवी पेशीत ४६ गुणसूत्रे असल्याचे प्रसिद्ध केले. त्याआधी सुमारे तीन दशके जगभरच्या पुस्तकांत ४८ हा आकडा छापला जात होता आणि तेव्हाच्या परीक्षांत ४८ लिहिणाऱ्याला पूर्ण गुण मिळत असणार. त्या विद्यार्थ्याला जीवशास्त्र कमी येत होते, असे म्हणता येणार नाही. मी असे केवळ आठवणीवर चालणारे आठ प्रश्न ठेवले आणि बाकीचे काढून टाकले.

नवे प्रश्न लिहायला बसले, तेव्हा अडचण विषयाची आली नाही, भाषेची आली. सातवा प्रश्न मी साधा म्हणून घातला होता: "पित्त कोठे तयार होते?" शेजारच्या काकूंना तो तोंडी विचारला, तेव्हा त्या क्षणाचाही विचार न करता म्हणाल्या, "पोटात." जठर म्हणायचे आहे का, असे विचारल्यावर त्यांनी होकार दिला. मी हे उत्तर चूक म्हणून नोंदवले आणि मग हात थांबला. आपण आंबट ढेकर आले, छातीत जळजळले की पित्त झाले म्हणतो, अंगावर गांधी आल्या की पित्त उठले म्हणतो, उलटीत आंबट पाणी पडले की पित्त पडले म्हणतो, वैद्यबुवा नाडी पाहून पित्तप्रकृती सांगतात ते आणखी वेगळे, आणि राग आला म्हणजे जे खवळते ते तर शरीरशास्त्रात कोठेच बसत नाही. काकूंच्या मनातले आंबट पित्त म्हणजे जठरातील हायड्रोक्लोरिक आम्ल, आणि ते जठरातच तयार होते. त्यांच्या अर्थाने त्यांचे उत्तर अचूक होते. पाठ्यपुस्तकातला पित्तरस कडू, हिरवट-पिवळा, आम्लारीच्या बाजूला झुकणारा असतो आणि तो यकृतात तयार होतो. माझा प्रश्न दोन वेगळ्या द्रवांबद्दल होता आणि ते मला ठाऊकच नव्हते. वर्गात एकतीस वर्षे हा प्रश्न विचारताना ही अडचण कधी आली नाही, कारण वर्गात मुलांनी घरची भाषा दाराबाहेर ठेवलेली असते.

त्यानंतर मी प्रत्येक शब्दाकडे संशयाने पाहू लागले. शीर या शब्दाने तर माझे दोन दिवस घेतले. मानेची शीर दबली म्हणतात तेव्हा ती चेतातंतू असते, सलाईन लावायला शीर सापडत नाही म्हणतात तेव्हा ती अशुद्ध रक्तवाहिनी असते, आणि डोक्यातली शीर फुटली म्हणतात तेव्हा बहुधा मेंदूतील धमनी फुटलेली असते. एका शब्दात तीन रचना आहेत आणि बोलणाऱ्याला त्यात काही खटकत नाही, कारण संदर्भाने अर्थ नीट पोचतो. परीक्षेच्या एका ओळीच्या प्रश्नाला मात्र संदर्भच नसतो. शिवाय परिभाषेच्याही पिढ्या आहेत. माझ्या वयाच्या लोकांनी रोहिणी आणि नीला शिकले, आजच्या मराठी माध्यमातल्या मुलांना धमनी आणि शिरा माहीत आहेत, आणि इंग्रजी माध्यमातील नातवंडांना आर्टरी व व्हेन. पेशी, ऊती आणि स्नायू यांचाही घोळ निघाला, कारण हिंदी वाहिन्यांवर पेशी म्हणजे स्नायू आणि आमच्या पुस्तकांत पेशी म्हणजे जीवाचा सर्वांत लहान घटक. शेवटी असे ठरवले की प्रत्येक प्रश्नात पाठ्यपुस्तकातील शब्द आणि त्याला लागून प्रचलित शब्द, असे दोन्ही द्यायचे, आणि जेथे प्रचलित शब्द संदिग्ध असेल तेथे शब्दाऐवजी वर्णन करायचे. सातवा प्रश्न अखेर असा झाला: "चरबीच्या पचनास मदत करणारा, चवीला कडू असा हिरवट-पिवळा पित्तरस कोठे तयार होतो?" पर्याय होते जठर, यकृत, पित्ताशय आणि स्वादुपिंड.

ज्या डेंग्यूमुळे हे सगळे सुरू झाले, त्यावरचा प्रश्न आमच्या इमारतीतील एका निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञांनी हाणून पाडला. मी लिहिले होते, "डेंग्यूमध्ये रक्तातील कोणता घटक कमी होतो?" आणि पर्यायांत पांढऱ्या पेशी व रक्तपट्टिका, म्हणजे प्लेटलेट, दोन्ही दिल्या होत्या. आपल्याकडे अनेक जण प्लेटलेटलाच पांढऱ्या पेशी म्हणतात. तो गैरसमज पकडावा, असा माझा डाव होता. त्यांनी चष्मा काढला आणि शांतपणे सांगितले, "मॅडम, डेंग्यूत दोन्ही कमी होतात. हजारो रिपोर्ट हातांखालून गेले आहेत माझ्या." निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये पांढऱ्या पेशी साधारण चार ते अकरा हजार असतात आणि रक्तपट्टिका दीड ते साडेचार लाख. डेंग्यूच्या पहिल्या काही दिवसांत पांढऱ्या पेशींचा आकडा चार हजारांच्या खाली जाणे ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. म्हणजे ज्याला मी गैरसमज समजत होते, ते उत्तर बरोबरच ठरले असते. तो प्रश्न बदलून, रक्त गोठण्याची क्रिया सुरू करणारा रक्तघटक कोणता, असा केला. त्या दिवसापासून त्यांना मी परीक्षा मंडळाचे सदस्य करून घेतले. आता मंडळ तीन जणांचे झाले.

बरोबर उत्तर लिहिणे सोपे असते, तीन चुकीची उत्तरे लिहिणे अवघड असते. पर्याय इतके हास्यास्पद असू नयेत की ते कोणी निवडणारच नाही, आणि इतके डोकेबाज नसावेत की जाणत्यालाही ते बरोबर वाटावेत. माझ्या पहिल्या मसुद्यातील पर्याय भाचीने तिच्या धाकट्या भावाला दिले. प्रश्न न वाचता फक्त चारांतला सर्वांत लांब पर्याय निवड, एवढेच त्याला सांगितले. त्याची निम्म्याहून अधिक उत्तरे बरोबर आली. बरोबर उत्तर निर्दोष व्हावे म्हणून मी त्याला जपून अटी जोडत गेले होते आणि ते आपोआप लांबले होते. 'वरीलपैकी सर्व' हा पर्याय जेथे जेथे होता तेथे तोच बरोबर होता, हेही त्याने परस्पर शोधून काढले.

मग मी चुकीची उत्तरे स्वतः रचण्याचे सोडून दिले आणि ती गोळा करायला निघाले. वहीत वीस प्रश्न पर्यायांविना लिहिले आणि भाजीबाजारात, रिक्षात, रक्त तपासणीच्या रांगेत, लग्नाच्या पंगतीत, जो बोलायला तयार असेल त्याला ते विचारले. लोक न कंटाळता बोलले, हे मला सांगितलेच पाहिजे. कुत्रा चावला तर काय करावे, याचे सर्वांत जास्त वेळा मिळालेले उत्तर होते, "पोटात चौदा इंजेक्शने." ती पद्धत मेंढीच्या मेंदूपासून बनवल्या जाणाऱ्या जुन्या लशीची होती आणि ती लस भारतात २००५ पर्यंत बंद झाली. आता पेशीसंवर्धनातून तयार केलेली लस दंडात, ठरावीक दिवसांच्या अंतराने, मोजक्या वेळा देतात, आणि त्याआधी जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुणे हे सर्वांत तातडीचे काम असते. पण चौदा इंजेक्शनांची भीती इतकी पक्की बसली आहे की ती ज्यांनी पाहिलीही नाहीत, त्या पंचविशीतल्या मुलांनाही ती आजोबांकडून मिळालेली आहे. क्षयरोगाच्या माणसाची ताटवाटी वेगळी ठेवावी, हेही असेच. क्षयाचे जंतू खोकल्यातून हवेत जातात आणि श्वासावाटे पसरतात, भांड्यांतून नव्हे. तरी ताट वेगळे ठेवणाऱ्या घरात खिडकी मात्र बंद असते. ही सगळी उत्तरे मी लोकांच्याच शब्दांत पर्याय म्हणून घातली.

चुकीच्या उत्तराला गुण वजा करावेत का, यावर आम्हा तिघांचा बराच वाद झाला. भाची नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या मुशीतून गेलेली असल्यामुळे तिला वजा गुण हवे होते. नीटमध्ये बरोबर उत्तराला चार गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराला एक वजा होतो. चार पर्यायांत डोळे झाकून एक निवडला, तर सरासरीने प्रत्येक प्रश्नामागे पाव गुण पदरात पडतोच, हे मी तिला कागदावर मांडून दाखवले. ते पाहून ती चकित झाली, कारण दोन वर्षे क्लासमध्ये तिला अंदाज मारू नका असेच बजावले होते. आमच्या परीक्षेला येणारे बरेच जण चाळीस-चाळीस वर्षांनी पेपर लिहिणार होते. त्यांना वजाबाकीची धास्ती नको म्हणून आम्ही पाचवा पर्याय ठेवला, "माहीत नाही", आणि तो प्रामाणिकपणे निवडावा अशी विनंती वरच छापली.

परीक्षा डिसेंबरमधील एका रविवारी, एका शाळेच्या दोन वर्गखोल्यांत झाली. नाशिकची थंडी त्या आठवड्यात जोरात होती आणि स्वेटर-मफलर घातलेले साठेक परीक्षार्थी छोट्या बाकांवर गुडघे आवळून बसले होते. त्यांत निवृत्त बँक कर्मचारी होते, महाविद्यालयातील मुले-मुली होत्या, एक औषध विक्रेते होते, निफाड तालुक्यातून आलेले द्राक्ष बागायतदार होते, आणि पेठ तालुक्यातील एक आशाताई, म्हणजे गावपातळीवरच्या आरोग्य कार्यकर्त्या, होत्या. त्या पंचवटीत बहिणीकडे आल्या होत्या आणि बहिणीने त्यांना आग्रहाने पाठवले होते. परीक्षेबद्दल यापेक्षा अधिक सांगण्यासारखे काही नाही. एका गृहस्थांनी शेजाऱ्याची उत्तरपत्रिका पाहिली, आणि मी हटकल्यावर म्हणाले, "मॅडम, सवय गेली नाही."

खरी गंमत तपासताना आली. साखर मोजण्याच्या तपासणीवरचा प्रश्न मला सर्वांत सोपा वाटला होता, कारण आमच्या वयोगटात एचबीए१सीचा आकडा ज्याला तोंडपाठ नाही असा माणूस विरळा. प्रश्न होता, "एचबीए१सी तपासणीवरून सुमारे तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज येतो, तो तीन महिन्यांचाच का?" लाल रक्तपेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असते, आणि तिच्यातील हिमोग्लोबिनला रक्तातली साखर जी चिकटते ती पेशी मरेपर्यंत चिकटलेलीच राहते, म्हणून त्यात मागील दोन-तीन महिन्यांची नोंद सापडते. हे उत्तर मधुमेह नसलेल्या विद्यार्थ्यांनी दिले. मधुमेह असलेल्या बऱ्याच जणांनी "डॉक्टर दर तीन महिन्यांनी बोलावतात म्हणून" हा पर्याय निवडला. तो मी रक्त तपासणीच्या रांगेतूनच उचलला होता. वर्षानुवर्षे पैसे मोजून जी तपासणी करायची, तिचा अर्थ कोणी समजावून सांगितलेला नाही. याला परीक्षार्थींचे अज्ञान म्हणायला मला अवघड वाटते. जलसंजीवनीच्या प्रश्नाचेही तसेच झाले. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे प्रमाण बहुतेकांना आठवत होते, पण साखर कशासाठी, याचे उत्तर जवळपास सर्वांनी "ताकद येण्यासाठी" असे दिले. आतड्याच्या अस्तरातून ग्लुकोज आत घेतला जातो तेव्हा त्याच्याबरोबर सोडियमही ओढला जातो, आणि त्यांच्यामागे पाणी जाते. जुलाबातही ही वाट बहुधा शाबूत राहते, म्हणून मिठाच्या पाण्याला साखरेची जोड लागते. ताकदीचा भाग नगण्य आहे.

आणि सातवा प्रश्न. इतकी घासाघीस करूनही सर्वाधिक खुणा पित्ताशयावर होत्या. या वेळी दोष माझ्या भाषेचा नव्हता, नावाचा होता. ज्याच्या नावात पित्त आहे तेथेच ते तयार होत असणार, असे कोणालाही वाटेल. पित्ताशय हे साठवण्याचे आणि दाट करण्याचे ठिकाण आहे. तयार करणारे यकृत नावातून निसटलेले आहे.

उत्तरपत्रिका तपासून झाल्यावर मी प्रश्नांचीच परीक्षा घेतली. पद्धत जुनी आणि सोपी आहे. एकूण गुणांनुसार उत्तरपत्रिका लावायच्या, वरच्या सत्तावीस टक्के आणि खालच्या सत्तावीस टक्के वेगळ्या काढायच्या, म्हणजे आमच्याकडे सोळा आणि सोळा, आणि प्रत्येक प्रश्न वरच्या गटात किती जणांना आला व खालच्या गटात किती जणांना आला हे मोजायचे. चांगल्या प्रश्नाला वरच्या गटातून अधिक बरोबर उत्तरे यावीत. ती उलट आली, तर प्रश्नात खोट आहे असे मानतात. आमच्याकडे असे दोन प्रश्न निघाले.

पहिला होता, "खालीलपैकी बिनविषारी साप कोणता?" पर्याय घोणस, फुरसे, मण्यार आणि धामण. एकूण गुणांत खाली राहिलेल्या ग्रामीण भागातील परीक्षार्थींनी धामणीवर खूण करून पुढे पान उलटले होते. वरच्या गटातील शहरी मुलांना धामण, फुरसे, मण्यार ही नावेच अनोळखी होती आणि त्यांनी जे नाव सर्वांत निरुपद्रवी वाटले ते निवडले. घोणस, फुरसे, मण्यार आणि नाग या चार सापांवरच आपल्याकडचे प्रतिविष बनवले जाते. म्हणजे हा प्रश्न वैद्यकाच्या अगदी गाभ्यातला होता.

दुसरा प्रश्न द्राक्षांवरचा. नाशिकमध्ये परीक्षा घ्यायची आणि द्राक्ष नाही, हे बरे दिसणार नाही म्हणून मी तो घातला होता: "द्राक्षावरील डाऊनी हा रोग कशामुळे होतो?" पर्याय जीवाणू, विषाणू, बुरशी आणि कीड, आणि माझे उत्तर बुरशी. खालच्या गटाने निमूटपणे बुरशी लिहिले होते. वरच्या गटातील वनस्पतिशास्त्राच्या चार-पाच जणांनी "माहीत नाही" निवडले होते, आणि निफाडच्या बागायतदारांनी काहीच न निवडता समासात बारीक अक्षरांत लिहिले होते, "भुरी ही बुरशी. डाऊनी खरी बुरशी नाही. गंधकाने भुरी आटोक्यात येते, डाऊनी येत नाही." मी पुस्तके उघडली. डाऊनीचा कारक सजीव ऊमायसीट या वेगळ्या गटातला आहे. खऱ्या बुरशीच्या पेशीभित्तिकेत कायटिन असते, याच्या भित्तिकेत प्रामुख्याने सेल्युलोजसारखी द्रव्ये असतात, आणि वंशावळीने तो बुरशीपेक्षा काही शैवालांना अधिक जवळचा आहे. मी शिकले तेव्हा तो बुरशीतच मोडत असे आणि मी तो तसाच शिकवत राहिले. गुणसूत्रांच्या ४८ या आकड्याची गोष्ट मी सगळ्यांना मोठ्या चवीने सांगत होते, आणि माझे स्वतःचे ४८ माझ्याच प्रश्नपत्रिकेत छापून गेले होते.

डाऊनीचा प्रश्न रद्द केला आणि परीक्षा एकोणपन्नास गुणांची झाली. धामणीचा प्रश्न ठेवला. भाचीला हे पटले नाही. दोन्ही प्रश्नांची आकडेवारी सारखीच वाईट असताना एकाला वेगळा न्याय कशासाठी, असे तिने विचारले. आकड्यांनी एवढेच सांगितले होते की हा प्रश्न उरलेल्या पेपरशी जुळत नाही. डाऊनीच्या बाबतीत प्रश्न चुकला होता. धामणीच्या बाबतीत प्रश्न बरोबर होता आणि उरलेला पेपर शहराकडे झुकलेला होता. उरलेल्या अठ्ठेचाळीस प्रश्नांपैकी शेत, जंगल, गुरे-ढोरे यांच्याशी ज्यांचा संबंध आहे असे मी मोजले, तर ते तीन भरले.

पुढच्या रविवारी उत्तरांवर चर्चा ठेवली होती. चाळीसेक जण आले. पित्ताशयावर खूण करणाऱ्यांमध्ये एक निवृत्त बँक अधिकारी होते. त्यांचे पित्ताशय खड्यांमुळे पाच वर्षांपूर्वी काढलेले होते. उत्तर ऐकून ते उभे राहिले आणि म्हणाले, "म्हणजे माझे पित्त अजून चालूच आहे?" चालूच आहे, दिवसाकाठी अर्धा ते एक लिटर, फक्त आता ते साठत नाही, सरळ आतड्यात उतरते, असे सांगितल्यावर ते काही क्षण पोटावर हात ठेवून उभे राहिले. तेलकट खाल्ल्यावर अजून त्रास का होतो, याचा उलगडा पाच वर्षांनी झाला, असे ते म्हणाले. फुप्फुस धमनीतून कमी प्राणवायूचे रक्त वाहते, यावर एका आजोबांनी माझ्याशी पंधरा मिनिटे वाद घातला. धमनीत शुद्ध रक्त असते असे त्यांना त्यांच्या मास्तरांनी शिकवले होते. धमनी ही रक्ताच्या शुद्धतेवरून नव्हे, तर ते हृदयापासून दूर जाते या दिशेवरून ठरते, हे त्यांना पटले की मी थकले म्हणून त्यांनी सोडून दिले, ते मला सांगता येणार नाही.

एचबीए१सीचा प्रश्न समजावून झाल्यावर पेठच्या आशाताईंनी हात वर केला. चर्चेसाठी त्या पुन्हा एसटीने आल्या होत्या. त्यांच्या भागात सिकलसेल या लाल रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराची तपासणी नियमित होते आणि वाहक कोण, ग्रस्त कोण, हे त्यांना घराघरांतून माहीत असते. त्या म्हणाल्या, "मॅडम, सिकलवाल्यांच्या लाल पेशी लवकर मरतात ना, मग त्यांची ही तपासणी बरोबर कशी येईल?" वर्ग शांत झाला. मी तंत्रज्ञांकडे पाहिले. सिकलसेल ग्रस्त व्यक्तीच्या लाल पेशी १२० दिवसांऐवजी सुमारे दहा ते वीस दिवसच जगतात, त्यामुळे साखर चिकटायला वेळच मिळत नाही आणि आकडा फसवा कमी येऊ शकतो, असे त्यांनी उठून सांगितले. आशाताईंनी ते वहीत लिहून घेतले. परीक्षेत त्यांना एकोणपन्नासपैकी सव्वीस गुण होते.

दुसऱ्या परीक्षेची तयारी आता सुरू आहे आणि तिचा पहिला प्रश्न मी आशाताईंच्या शंकेवरून लिहिला आहे: "सिकलसेल ग्रस्त व्यक्तीच्या मधुमेहाचा अंदाज एचबीए१सीवरून का घेऊ नये?" बरोबर पर्याय, लाल पेशींचे आयुष्य कमी असल्यामुळे. चुकीच्या पर्यायांपैकी एक मी असा लिहिला होता, की त्यांच्या रक्तात ज्याला साखर चिकटलेली मोजतात ते नेहमीचे हिमोग्लोबिनच नसते. गेल्या आठवड्यात तंत्रज्ञांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "मॅडम, हेही बरोबरच आहे." ग्रस्त व्यक्तीत हिमोग्लोबिन ए, म्हणजे नेहमीचे हिमोग्लोबिन, जवळजवळ नसतेच. ते नसले, तर एचबीए१सी तरी कोठून येणार? अशा रुग्णांसाठी रक्तातील प्रथिनांना चिकटलेली साखर मोजणारी फ्रुक्टोसामीन ही तपासणी करतात, असेही त्यांनी सांगितले. तो पर्याय मी खोडला आहे आणि त्याच्या जागी काय लिहावे हे विचारायला उद्या वही घेऊन पंचवटीच्या बाजारात जाणार आहे.